किती बीजं पुरेशी?

‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द कानावर पडला की डोळ्यांपुढे काचेची नळी उभी राहते. पण ज्या बाईनं हा उपचार घेतला आहे, ती त्या नळीबद्दल फारसं काही सांगणार नाही. तिला आठवतात ती इंजेक्शनं. रोज ठरल्या वेळी, बेंबीच्या आजूबाजूला, दहा-बारा दिवस टोचलेली. फ्रिजमध्ये भाजीशेजारी ठेवलेली ती खोकी. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, आणि टेबलावर पडल्या पडल्या विचारलेला प्रश्न, किती झाली? म्हणजे किती बीजं वाढीला लागली?

आज मी या ‘किती’चा इतिहास सांगणार आहे. मी डॉक्टर नाही, विज्ञानाच्या इतिहासाची विद्यार्थिनी आहे. तेव्हा कोणी कोणतं औषध घ्यावं, हे मी सांगणार नाही; ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगावं. पण ही औषधं आली कुठून, ती देण्याच्या पद्धती का बदलल्या आणि त्या बदलांची किंमत कोणी मोजली, हे कळलं तर दवाखान्यात बसलेल्या जोडप्याला चार प्रश्न विचारायचं बळ येतं.

आधी निसर्गाची रीत पाहू. दर महिन्याला बाईच्या अंडाशयात एकाच वेळी अनेक बीजं वाढीला लागतात. प्रत्येक बीज द्रवानं भरलेल्या एका इवल्या पिशवीत असतं; तिला फॉलिकल म्हणतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती एफएसएच नावाचं संप्रेरक रक्तात सोडते आणि त्यावर ही फॉलिकल्स पोसली जातात. ती थोडी मोठी झाली की इस्ट्रोजेन तयार करू लागतात. ते पाहून पीयूषिका एफएसएचचा पुरवठा कमी करते. पंगतीत वाढप्यानं हात आखडता घ्यावा, तसं. मग जे फॉलिकल सर्वांत पुढे असतं तेवढंच तग धरतं, बाकीची सुकून जातात. ते एक बीज पिकलं की एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची लाट उसळते आणि साधारण दीड दिवसात बीज बाहेर पडतं.

उपचाराची सगळी मेख इथंच आहे. बाहेरून एफएसएच देत राहिलं, तर वाढप थांबत नाही आणि मागं पडणारी फॉलिकल्सही पोसली जातात. ‘इतकी बीजं एकदम काढली तर पुढची शिल्लक लवकर संपेल’ अशी भीती अनेकींना वाटते. ती खरी नाही. ही बीजं त्या महिन्यात सुकणारच होती. भीती बाळगायची तर ती दुसऱ्या गोष्टींची, आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे.

या संप्रेरकांचा पहिला ठाव लागला तो बर्लिनमध्ये. १९२७ च्या सुमारास सेल्मार अशहाइम आणि बर्नहार्ड त्सोंडेक या दोघा डॉक्टरांना दिसलं, की गरोदर बाईची लघवी उंदराच्या पिल्लाला टोचली तर त्या अपक्व पिल्लाची अंडाशयं पिकतात. त्यातून गरोदरपणाची चाचणी निघाली. शरीरात अंडाशयाला हुकूम देणारा काही पदार्थ आहे आणि तो लघवीतून मिळू शकतो, हेही त्यातून कळलं. त्सोंडेक ज्यू होते. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना पदावरून काढलं. ते स्वीडनमार्गे जेरुसलेमला गेले.

औषध म्हणून प्रथम वापर झाला तो घोडीच्या रक्ताचा. १९३० मध्ये अमेरिकेत कोल आणि हार्ट यांनी गाभण घोडीच्या रक्तद्रवात असं संप्रेरक शोधलं होतं. पण घोड्याचं प्रथिन माणसाला परकंच. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू लागलं आणि औषध निकामी ठरू लागलं. माणसासाठी माणसाचंच संप्रेरक हवं, हे स्पष्ट झालं. ते मिळवायचे दोन मार्ग होते. मेलेल्या माणसाच्या पीयूषिकेतून काढायचं, किंवा जिवंत माणसाच्या लघवीतून.

पहिला मार्ग धरला स्वीडनच्या कार्ल गेमझेल यांनी. शवविच्छेदनाच्या वेळी काढलेल्या ग्रंथींपासून त्यांनी औषध केलं आणि १९५८ मध्ये त्याचे परिणाम जाहीर केले. पाळी बंद पडलेल्या स्त्रियांमध्ये बीज तयार झालं, दोन वर्षांत गर्भधारणाही झाल्या. जगभर कौतुक झालं.

दुसरा मार्ग रोमचा. तिथल्या सेरोनो या औषध कंपनीतले पिएरो डोनिनी यांनी १९४९ मध्ये पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतून हे संप्रेरक शुद्ध करण्याची रीत बसवली. पाळी गेलेल्याच का? तर अंडाशय थकला की पीयूषिका हुकमावर हुकूम सोडत राहते. ऐकणारं कोणी नसतं, म्हणून तिचा आवाज चढतो. तो सगळा एफएसएच आणि एलएच लघवीतून वाहून जातो. डोनिनींनी आपल्या औषधाला पर्गोनाल नाव दिलं, पण त्या वेळी त्याचं काय करायचं हेच कोणाला कळेना. ते कपाटात पडून राहिलं.

पुढं ब्रुनो लुनेनफेल्ड हा व्हिएन्नात जन्मलेला तरुण डॉक्टर या औषधाच्या मागं लागला. अडचण एकच होती. लघवी फार लागणार, आणि ती देणाऱ्या स्त्रियांपैकी कोणीही गरोदर असता कामा नये. त्यांनी पुढं अनेकदा सांगितलेली हकिकत अशी: सेरोनोच्या संचालक मंडळानं प्रथम त्यांना वाटेला लावलं. मग संचालकांपैकी एक, पोप बाराव्या पायस यांचे पुतणे जुलिओ पाचेल्ली, त्यांच्या बाजूनं उभे राहिले. इटलीतल्या मठांमधल्या वृद्ध जोगिणींनी लघवी द्यायचं ठरलं. रोज टँकर मठांच्या दारात जाऊ लागले. एका स्त्रीच्या एका उपचाराला दहा जोगिणींची दहा दिवसांची लघवी लागे, असा लुनेनफेल्ड यांचा हिशेब. १९६१ मध्ये इस्राएलमध्ये या औषधानं पहिली गर्भधारणा झाली, १९६२ मध्ये मुलगी जन्मली. ज्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं, त्यांच्यामुळं दुसऱ्या कोणाची तरी कूस उजवली!

या दोन मार्गांपैकी कोणता बरा, याचं उत्तर मिळायला पंचवीस वर्षं लागली. ऑस्ट्रेलियात १९६७ ते १९८५ या काळात सरकारी कार्यक्रमातून पीयूषिकेपासून काढलेली संप्रेरकं दिली जात होती, वाढ खुंटलेल्या मुलांना आणि मूल न होणाऱ्या स्त्रियांना. १९८५ मध्ये लक्षात आलं की शवांमधून काढलेल्या अशा औषधाबरोबर क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा मेंदू पोखरणारा, उपाय नसलेला आजार पसरू शकतो. कार्यक्रम तत्काळ थांबवला गेला. पण हा आजार वर्षानुवर्षं दडून राहतो. पुढच्या काळात, मूल व्हावं म्हणून ही इंजेक्शनं घेतलेल्या चार ऑस्ट्रेलियन स्त्रिया त्यानं दगावल्या. औषधानं बीज पिकत होतं, यात कोणाला शंका नव्हती. तुलना करताना फक्त तेवढंच मोजलं गेलं होतं.

दरम्यान एक गोळीही आली होती, क्लोमिफेन. १९५६ मध्ये अमेरिकेत तयार झालेलं हे औषध मेंदूला इस्ट्रोजेनचा निरोप पोहोचू देत नाही. मेंदूला वाटतं की कमतरता आहे, आणि पीयूषिका स्वतःच जास्त एफएसएच सोडते. १९६१ मध्ये रॉबर्ट ग्रीनब्लाट यांनी त्यानं बीजोत्सर्जन होतं हे दाखवलं, १९६७ मध्ये तिथं परवानगी मिळाली. स्वस्त, तोंडानं घ्यायची पाच दिवसांची गोळी. साठ वर्षं उलटून गेली, तरी ती टिकून आहे.

आता १९७८ कडे वळू. इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथं रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी सुरुवातीची कित्येक वर्षं इंजेक्शनं देऊन अनेक बीजं काढली होती. गर्भ तयार होत, पण गर्भाशयात टिकत नसत. १९७५ मध्ये एक गर्भ रुजला, तोही नळीत. अखेर त्यांनी सगळी औषधं बंद केली आणि निसर्गाच्या एका बीजावर भिस्त ठेवली. स्त्रियांनी दर तीन तासांनी लघवी तपासायला द्यायची. एलएचची लाट दिसली की दिवस असो वा मध्यरात्र, बीज काढायला धावायचं. त्या प्रयत्नांत ३२ स्त्रियांमध्ये गर्भ सोडता आले आणि दोन बाळं जन्मली. पहिली लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८.

त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात दुर्गा जन्मली. डॉ. सुभाष मुखर्जी यांनी नेमका उलटा रस्ता घेतला होता. त्यांनी पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतलं संप्रेरक देऊन एकाहून अधिक बीजं वाढवली, पोटाला छेद न देता योनिमार्गानं काढली आणि तयार झालेला गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला. विचार असा, की औषधानं ढवळलेल्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर गर्भाला मानवत नसेल, तर थांबावं आणि पुढच्या, निवांत महिन्यात तो आत सोडावा. ज्या अडचणीपाशी ओल्डहॅमच्या मंडळींनी औषधं सोडून दिली, तिलाच मुखर्जींनी अशी बगल दिली.

पण त्यांच्या वाट्याला काय आलं? पश्चिम बंगाल सरकारनं समिती नेमली. समितीनं त्यांचा दावा फेटाळला. त्यांना जपानला परिषदेसाठी जाऊ दिलं नाही. बदल्या झाल्या, शेवटची तर डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. ‘एक डॉक्टर की मौत’ हा तपन सिन्हांचा १९९० चा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यामागं ही करुण कथा आहे.

इथं मुंबईचा एक धागा येतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. त्यामागं डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. देशातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा मान त्यांना मिळाला. १९९७ मध्ये आनंद कुमार कोलकात्याला गेले असता मुखर्जींच्या टिपणवह्या आणि कागदपत्रं त्यांच्या हाती आली. ती वाचून त्यांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं, की हा मान मुखर्जींचा आहे. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट उतरवून मेलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवणारे संशोधक किती सापडतील?

औषधांच्या बाजूनं कौल लागला तो मात्र अमेरिकेत. जॉर्जिआना जोन्स आणि हॉवर्ड जोन्स हे डॉक्टर दाम्पत्य निवृत्तीनंतर नॉरफोक इथं आलं. १९८० मध्ये त्यांनी ओल्डहॅमसारखी एकाच बीजाची वाट पाहिली आणि हाती काही लागलं नाही. जॉर्जिआनाबाई मुळात संप्रेरकांच्या जाणकार. गरोदरपणातलं संप्रेरक पीयूषिकेतून येत नाही, वारेतून येतं, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच दाखवलं होतं. त्यांच्या आग्रहानं पर्गोनाल वापरायचं ठरलं आणि २८ डिसेंबर १९८१ ला अमेरिकेतलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठाच्या गटानंही क्लोमिफेनच्या मदतीनं त्याच सुमारास यश मिळवलं. एका बीजाचा जमाना संपला.

पण अनेक बीजं वाढली की इस्ट्रोजेन भसाभस वाढतं आणि एलएचची लाट वेळेआधीच येते. बीजं हाती येण्यापूर्वीच फुटून जातात. साधारण पाचांतला एक प्रयत्न असा वाया जाई. यावर उपाय सापडला तो मेंदूतल्या एका बारीकशा संप्रेरकात, जीएनआरएचमध्ये. त्याची रचना उलगडल्याबद्दल अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमाँ यांना १९७७ चं नोबेल विभागून मिळालं होतं. हे संप्रेरक थेंबाथेंबानं, ठोक्याठोक्यानं आलं तर पीयूषिका काम करते. सतत ओतलं तर ती आधी खवळते आणि मग गप्प बसते. १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी याचा फायदा घेतला. आधीच्या महिन्याच्या एकविसाव्या दिवसापासून बुसेरेलिनसारखं औषध देऊन पीयूषिका झोपवायची, मग एफएसएच सुरू करायचं. हीच ती ‘लाँग प्रोटोकॉल’. गंमत पाहा: पाळी गेलेल्या स्त्रियांपासून काढलेलं औषध देण्यासाठी तरुण बाईची पाळी आधी तात्पुरती घालवायची! अंगाची काहिली, चिडचिड, डोकेदुखी, सगळं त्यात आलंच. उपचार चार-पाच आठवड्यांवर गेला, पण वाया जाणारे प्रयत्न एकदम घटले. डॉक्टरांना वेळापत्रकही आखता येऊ लागलं. पुढची पंधरा-वीस वर्षं या पद्धतीचंच राज्य होतं.

याच काळात ‘जितकी जास्त तितकी बरी’ हा विचार बळावला, आणि अति तेथे माती म्हणतात तसं झालं. अंडाशयं फार चेतवली की फुगतात. त्यात एचसीजीचं, म्हणजे बायका ज्याला ‘अंडं फुटायचं इंजेक्शन’ म्हणतात ते, दिलं की रक्तवाहिन्या झिरपू लागतात. पाणी पोटात साठतं, रक्त घट्ट होतं, गुठळ्या होण्याची भीती असते. क्वचित जीवही जातो. दुसरा धोका जुळ्या-तिळ्यांचा. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात पर्गोनाल घेतलेल्या एका बाईला सात मुलं झाली. त्यातली तीनच वाचली.

१९९० च्या दशकात दोन नवी औषधं आली. जैवतंत्रज्ञानानं, हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींमध्ये एफएसएच तयार करता येऊ लागलं. १९९५ मध्ये ते युरोपच्या बाजारात आलं. मठातल्या टँकरची गरज सरली. दुसरं म्हणजे ‘अँटॅगोनिस्ट’, १९९९ च्या सुमाराचं. हे पीयूषिकेला न खवळवता तत्क्षणी गप्प करतं. त्यामुळं ते आधीच्या महिन्यापासून घ्यावं लागत नाही. एफएसएच सुरू झाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी सुरू केलं तरी चालतं. इंजेक्शनं कमी, दिवस कमी.

मग तुलना सुरू झाल्या. महाग, प्रयोगशाळेतलं एफएसएच लघवीतल्या जुन्या औषधापेक्षा सरस का? २०११ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ४२ चाचण्या आणि ९,६०६ जोडपी एकत्र पाहिली गेली. बाळ जन्मण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. किमतीत मात्र आहे, हे आपल्याकडच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात कळेल.

लाँग प्रोटोकॉल बरी की अँटॅगोनिस्ट? २००६ च्या आढाव्यात नव्या पद्धतीत गर्भधारणा थोड्या कमी दिसल्या होत्या, म्हणून डॉक्टर कचरत होते. २०१६ पर्यंत ७३ चाचण्या आणि १२,२१२ स्त्रियांचा हिशेब जमला. जुन्या पद्धतीनं शंभरात २९ जणींना बाळ होत असेल, तर नव्या पद्धतीनं २५ ते ३३ जणींना. म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. अंडाशय अति चेतवलं जाण्याचा त्रास मात्र जुन्या पद्धतीत शंभरात ११ जणींना असेल, तर नव्यात ६ ते ९ जणींना. वरवर पाहता बरोबरी सुटली, असं वाटेल. ज्यांचं पोट फुगलं नाही त्या बायकांच्या बाजूनं पाहिलं, तर निकाल लागलेला आहे.

आणखी एक सोय झाली. या पद्धतीत शेवटी एचसीजीऐवजी दुसरं, थोडक्यात ओसरणारं औषध देऊन बीज पिकवता येतं, सगळे गर्भ गोठवून ठेवता येतात आणि पुढच्या निवांत महिन्यात सोडता येतात. २०१६ मध्ये चीनमध्ये पीसीओएस असलेल्या १,५०८ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत गर्भ गोठवणाऱ्या गटात बाळांचं प्रमाण ४९.३ टक्के, तर ताजे गर्भ सोडणाऱ्या गटात ४२ टक्के होतं; अंडाशयाचा त्रास १.३ आणि ७.१ टक्के. संप्रेरकं द्या, योनिमार्गानं बीजं काढा, गर्भ गोठवा, थांबा. ही रीत मुखर्जींनी कोलकात्यात १९७८ मध्येच अवलंबली होती.

आणि ‘किती’चं काय? २०११ मध्ये ब्रिटनमधल्या चार लाखांहून अधिक उपचारांची नोंद तपासली गेली. सुमारे १५ बीजांपर्यंत बाळाची शक्यता वाढते, पुढं ती थबकते आणि २० च्या पलीकडे घसरते. नेदरलँड्समध्ये २००७ साली कमी औषध देऊन एकच गर्भ सोडण्याची पद्धत आणि नेहमीची, दोन गर्भ सोडण्याची पद्धत यांची वर्षभर तुलना झाली. बाळ झालेल्यांचं प्रमाण ४३.४ आणि ४४.७ टक्के, जवळजवळ सारखंच. जुळी-तिळी मात्र ०.५ टक्के आणि १३.१ टक्के! प्रश्न ‘या खेपेला किती बीजं’ असा विचारला तर जास्त औषध जिंकतं. ‘वर्षाअखेर किती बाळं, आणि आया कशा आहेत’ असा विचारला, तर पारडं फिरतं.

आपल्या देशात २०२१ च्या कायद्यानं बीज देणाऱ्या स्त्रीला आयुष्यात एकदाच ते देण्याची मुभा ठेवली आहे, आणि सातपेक्षा जास्त बीजं काढायला मनाई केली आहे. या आकड्याबद्दल मतभेद होऊ शकतात. पण जिला स्वतःला बाळ नको आहे, पैशाच्या किंवा नात्याच्या ओढीनं जी टेबलावर झोपली आहे, तिच्या शरीरालाही मर्यादा आहे, हे कायद्यात लिहिलं गेलं, याला महत्त्व आहे.

ज्या घरात डोहाळजेवणाला किंवा ओटी भरायला मूल नसलेल्या बाईला मागं उभं करतात, त्या घरातली सून डॉक्टरांसमोर ‘काहीही करा, पण मूल द्या’ असंच म्हणणार. तिच्या तोंडी हे वाक्य आपणच घातलेलं असतं. म्हणून प्रश्न तिच्यासोबत गेलेल्या नवऱ्यानं, सासूनं, बहिणीनंही विचारायला हवेत. कोणती पद्धत आणि का? महागडं औषध कशासाठी? अंडाशय फार फुगली तर तुम्ही काय कराल? एकच गर्भ सोडून चालेल का? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही.

बर्लिनच्या उंदरांपासून इथवर यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. या शंभर वर्षांत औषध सुधारलं ते जेव्हा जेव्हा कोणीतरी बीजांबरोबर बाईचीही मोजदाद केली, तेव्हा. ती मोजदाद आपल्या घरातही सुरू व्हायला हरकत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)